गुडघ्यातली चंद्रकोर

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. शिकागोजवळ एका मैत्रिणीकडे मंगळागौर होती (अर्थात शनिवारी! इथे देवीलासुद्धा वीकेंड बघूनच यावं लागतं). झिम्मा झाला, पिंगा झाला. बसफुगडीतून उठताना मी वळले, उजवं पाऊल मात्र चटईवरच राहिलं आणि गुडघ्यात कट्‌कन आवाज झाला. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. तिसऱ्या दिवशी जिन्यात अडकलाच, सरळ होईना. सांगलीहून आई फोनवर म्हणाली, "तिळाचं तेल चोळ. फुगडीनं कुणाचा गुडघा मोडतो का?"

एमआरआयच्या मंजुरीसाठी विमा कंपनीने बारा दिवस झुलवलं. निदान झालं ते मेनिस्कस फाटल्याचं. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन गाद्या असतात, त्यातली आतल्या बाजूची. मूळ शब्द ग्रीक, अर्थ छोटी चंद्रकोर. शाळेत मराठी शिकवलेल्या मला हे फारच आवडलं. कपाळावर एक आणि गुडघ्यांत चार!

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. फाटका तुकडा कापून टाकला, तर थोड्याच दिवसांत चालता येईल; पण गादी कमी झाल्याने पुढे संधिवाताचा धोका वाढतो. टाके घालून शिवली, तर गादी वाचेल. पण सहा आठवडे कुबड्या आणि पट्टा, गुडघा नव्वद अंशांपलीकडे वाकवायचा नाही, आणि इतकं करूनही ती जुळेलच याची खात्री नाही. या कूर्चेला रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला असतो, म्हणून तिथली चीर भरून येऊ शकते. माझी चीर नेमकी कडेलाच होती.

शिकागोकरांना हा पेच नवा नाही. २०१३च्या नोव्हेंबरमध्ये बुल्सच्या डेरिक रोझचा मेनिस्कस फाटला. त्याने शिवून घेतला आणि उरलेला अख्खा हंगाम गमावला. ड्वेन वेडचा मात्र कॉलेजात असतानाच काढून टाकला होता. तो पुढे एनबीएत गाजला, पण त्याच्या गुडघ्यांनी त्याला कायम छळलं.

मला कुठे बास्केटबॉल खेळायचा होता? पण मांडी घालून बसायचं होतं. दुर्बिणीने गुडघ्यात डोकावण्याची सुरुवातही अशाच कारणाने झाली, हे वाचून मला गंमत वाटली. क्षयाने आखडलेल्या गुडघ्यांमुळे जपानी माणसांना आपल्या पद्धतीने जमिनीवर बसता येईना, म्हणून डॉ. केंजी ताकागींनी १९१८ साली मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. मी शिवून घ्यायचं ठरवलं.

पन्नाशीपुढच्या वाचकांनी माझं उदाहरण मात्र जसंच्या तसं घेऊ नये. झिजून फाटलेल्या कूर्चेचं गणित वेगळं असतं. फिनलंडमध्ये अशा १४६ जणांवर अभ्यास झाला. काहींची फाटकी कूर्चा कापली, काहींवर शस्त्रक्रियेचं फक्त नाटक केलं; वर्षभराने दोन्ही गट सारखेच. तेव्हा आधी मनापासून व्यायाम करा, असं माझं स्पष्ट मत.

ऑपरेशन गणपतीनंतर झालं. सकाळी गेले, दुपारी घरी. खरी परीक्षा पुढेच होती. उजवा पाय, म्हणजे गाडी बंद; आणि आमच्या उपनगरात गाडी नाही म्हणजे दूधही नाही. नवऱ्याची रजा आठवड्यात संपली. लेक पहिलीत. आईचा व्हिसा वेळेत होणार नव्हता. एका दुपारी हातात कुबड्या असल्याने चहाचा कप ओट्यावरून सोफ्यापर्यंत नेता येईना, तेव्हा मी ओट्याशीच उभी राहून रडले. त्याच संध्याकाळी मंडळातल्या एक काकू आमटी-भात आणि एक झाकणाचा थर्मास घेऊन आल्या. "गळ्यात अडकव आणि चाल," म्हणाल्या. पुढचे पाच आठवडे डबे येत राहिले. कोणाचा कधी, ते मला अजून नीट ठाऊक नाही, दोन डबे परत करायचे राहिलेत.

लक्ष्मीपूजन मी खुर्चीवर बसून केलं. मांडी मार्चमध्ये जमली, तीही उशी घेऊन. यंदाच्या मंगळागौरीला झिम्मा खेळले, पिंगा घातला. बसफुगडीच्या वेळी मात्र लेकीने येऊन माझा पदर धरून ठेवला.