अन्नप्राशनानंतर

अर्भकाच्या मुखी पहिला घास घालण्याचा विधी भारताच्या अनेक प्रांतांत आहे. बंगालात त्याला मुखेभात म्हणतात, केरळात चोरूणू, महाराष्ट्रात उष्टावण. अन्नप्राशन हे त्याचे संस्कृत नाव सर्वत्र समजते. हा संस्कार पुष्कळ घरांत सहाव्या महिन्याच्या सुमारास होतो. पहिले सहा महिने केवळ स्तनपान आणि त्यानंतर स्तनपानाच्या जोडीला पूरक अन्न, अशी शिफारस जागतिक आरोग्य सभेने २००१ साली केली. परंपरेने निवडलेला काळ तिच्याशी बराचसा जुळणारा आहे.

परंतु विधी एका दिवसाचा असतो. दुसऱ्या दिवसापासून काय द्यावे, किती वेळा द्यावे आणि ते किती दाट असावे, याविषयी पुरोहित काही सांगत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, सहा ते तेवीस महिने वयाच्या मुलांपैकी सुमारे ११ टक्के मुलांनाच किमान पुरेसा आहार मिळत असल्याचे दिसून आले. याचे कारण सर्वस्वी दारिद्र्य होय, असे म्हणता येत नाही. सुस्थितीतील घरांतही कोवळ्या पोटाला पातळ अन्नच सोसते या समजुतीने वरणाचे वरवरचे पाणी, भाताची पेज किंवा गाळलेला रस मुलाला पाजला जातो. यात माया असते. पोषण मात्र फारसे नसते.

ही गोष्ट साध्या हिशेबाने पटते. अर्भकाच्या जठराची क्षमता त्याच्या वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे ३० मिलिलिटर धरतात. म्हणजे आठ किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी २४० मिलिलिटरहून अधिक मावत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या, आईच्या दुधावर नीट वाढणाऱ्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० उष्मांक लागतात. नऊ ते अकरा महिन्यांच्या मुलाला ३००. आता १० ग्रॅम तांदळाची वाटीभर पेज केली, तर तीत जेमतेम ३५ उष्मांक येतात. अशा तीन वाट्या पाजूनही निम्मीच गरज भागते आणि पोट पाण्याने भरल्यामुळे मूल दूधही कमी पिते. ते रडत नाही म्हणून घरच्यांना ते तृप्त वाटते.

मग पेजेत पीठ वाढवावे, तर दुसरीच अडचण उभी राहते. पिष्टाचे कण शिजताना पाणी शोषून फुगतात आणि थोड्याशा पिठाचाही गोळा होतो. तो मुलाला गिळवत नाही. आई पुन्हा पाणी घालते आणि सारे मूळपदावर येते. या पेचातून सुटण्याचा मार्ग भारतीय स्वयंपाकघरांना फार पूर्वीच सापडलेला आहे: धान्याला मोड आणणे. धान्य अंकुरताना त्यात अमायलेझ नावाचे विकर निर्माण होते व ते पिष्टाच्या लांब साखळ्या तोडते. त्यामुळे मोड आलेल्या धान्याच्या पिठाची लापशी भरपूर पीठ घालूनही सैल राहते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील मल्लेशी आणि देशिकाचार यांनी नाचणी व मूग यांना मोड आणून असे शिशुअन्न सिद्ध केले आणि १९८२ साली ते प्रसिद्ध केले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच दशकात दाखवून दिले की, सगळ्या धान्याला मोड आणण्याचीही गरज नाही. शिजवलेल्या घट्ट लापशीत असे थोडेसे पीठ मिसळले तरी ती पाहता पाहता सैल होते.

घरी हे करण्यास कष्ट फारसे नाहीत. नाचणी किंवा गहू रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात एकदोन दिवस बांधून ठेवावा. मोड आल्यावर उन्हात खडखडीत वाळवून, मोड चोळून काढून, मंद आचेवर हलकेच परतावा व दळावा. खरपूस भाजल्यास विकरच नष्ट होते. चमचाभर पीठ गरम लापशीत ढवळावे आणि ती सैल झाल्यावर एक उकळी अवश्य आणावी, कारण हे पीठ कच्चे असते. ज्वारी मात्र यासाठी वापरू नये. तिच्या कोवळ्या मोडांत सायनाइड उत्पन्न करणारे द्रव्य असते. नाचणीला अधिक पसंती देण्याचे आणखी एक कारण आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. दुसऱ्या कोणत्याही नित्याच्या तृणधान्यात इतके नाही.

भाज्या व फळे यांचा लगदा करणे त्याहून सोपे. लाल भोपळा, गाजर, रताळे वाफवून चाळणीवर घासावे. केळे व पपई नुसती कुस्करली तरी पुरते. लगदा चमचा कलता केल्यावर ओघळू नये, ही त्याची परीक्षा. वरणभात मऊ घोटून त्यात चमचाभर तूप घातले, तर सुमारे ४५ उष्मांकांची भर पडते. लोहाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. जन्मतः मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या आसपास सरत येतो आणि आईच्या दुधात लोह अल्प असते. अंडे, मासे किंवा मांस खाणाऱ्या घरांत ते शिजवून, बारीक करून याच वयापासून द्यावे. शाकाहारी घरांत डाळी व पालेभाज्यांवर लिंबाचे चार थेंब पिळावेत. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. मीठ व साखर वर्षभर नकोच. मध चाटवण्याची चाल देशभर आहे, पण त्यातील जीवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलास प्राणघातक विषबाधा होऊ शकते. म्हणून तोही वर्षभर वर्ज्य.

आठव्या महिन्याच्या सुमारास मूल समोरची वस्तू उचलून तोंडात घालू लागते. घरातील मोठ्यांना हा पसारा वाटतो. वस्तुतः ते जेवणाचे शिक्षण होय. इडलीचा तुकडा, वाफवलेल्या गाजराची बोटाएवढी फोड, पिकलेली पपई, वरणात भिजवून मऊ केलेली पोळी हे पदार्थ या वयास योग्य आहेत. दोन बोटांत दाबल्यावर जे सहज कुस्करते, ते हिरड्यांनीही कुस्करते. दहाव्या महिन्यापर्यंत केवळ गाळीव अन्न खाल्लेली मुले पुढे घास चावण्यास नाखूश असतात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे, कच्चे गाजर मात्र श्वासनलिकेत अडकू शकतात. मूल ताठ बसलेले असावे आणि कोणीतरी समोर असावे. खोकणारे, ओकारी काढणारे मूल बहुधा स्वतःच घास बाहेर टाकते. खरे गुदमरणे निःशब्द असते.

शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत संपवावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. तो स्वच्छ धुता येतो. वर्षाचे मूल घरचेच जेवण जेवू शकते. तिखट घालण्यापूर्वी त्याचा वाटा बाजूला काढावा व तो वेगळ्या वाटीत वाढावा. मोठ्या ताटात सर्वांबरोबर जेवणाऱ्या मुलाने नेमके किती खाल्ले, हे कोणालाच कळत नाही.