ऑनलाइन जुगाराचं व्यसन कसं ओळखायचं आणि मदत कुठे मिळते?

२०२४ च्या पोळ्याच्या आसपास चुलतभावाचा मेसेज आला. "दादा, चार हजार टाक ना, सोमवारी वापस देतो." तो हिंगणघाटजवळच्या गावी शेती बघतो, मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. लगेच यूपीआय केलं. पुढच्या दोन महिन्यांत आणखी तीन मेसेज आले. एकदा मोबाईल दुरुस्ती, एकदा मित्राचा अपघात, एकदा फवारणीची उधारी. तिन्ही वेळा पैसे पाठवले. दिवाळीत घरी गेलो तेव्हा कळलं की सोयाबीन विकून आलेले पैसेही खात्यात नाहीत. सगळे एका विमानाच्या गेममध्ये गेले होते.

गेम तुम्ही पाहिला असेल. विमान वर चढतं, सोबत आकडा वाढतो: १.२ पट, १.८ पट, ३ पट. ते उडून जायच्या आत बटण दाबलं तर तेवढे पट पैसे, नाही तर शून्य. अशा गेममध्ये साधारण ९७ टक्के परतावा असल्याचं सांगतात. हा आकडा खरा धरला, तर दुप्पट होईपर्यंत विमान टिकण्याची शक्यता ४८.५ टक्के. म्हणजे १०० रुपये लावले की सरासरी ३ रुपये गेले. किरकोळ वाटतं ना? आता वेग बघा. एक डाव १५ सेकंदांचा धरला तर तासाला २४० डाव, २४,००० रुपयांची उलाढाल आणि सरासरी ७२० रुपये तोटा. हा हिशोब प्रामाणिक ॲपचा आहे. टेलिग्रामवरून आलेल्या एपीकेच्या मागे कोणता कोड चालतो, हे खेळणाऱ्याला तपासता येत नाही.

मी इंजिनिअर, म्हणून पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला आणि भावाला दहा हजार डाव चालवून दाखवले. तो शांतपणे म्हणाला, "माहीत आहे दादा. हरतोच." माझा प्रोग्राम तिथेच संपला.

माहीत असूनही हात का थांबत नाही?

बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसलं की सवय सर्वात घट्ट बसते. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हे फार पूर्वीच दिसलं होतं. त्यात बटण आपल्या हातात, त्यामुळे "अर्धा सेकंद आधी दाबलं असतं तर" हा विचार सुटत नाही. नशीब कौशल्यासारखं वाटायला लागतं.

तीन दिवस ॲप उघडलं नाही की "तुमच्यासाठी २०० रुपये बोनस" येतो. असे मेसेज कसे बनतात ते मला चांगलं माहीत आहे. पहिल्या नोकरीत खरेदीच्या एका ॲपसाठी मीच तसा कोड लिहिला होता. कोण, किती दिवस, कोणत्या वेळी परत येतो, सगळं मोजलं जातं.

आमच्या कापसाच्या पट्ट्याला आकडा नवीन नाही. मटक्याची सुरुवातच न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजच्या उघडत्या-बंद होत्या भावांवर पैसे लावण्यातून झाली. पण तिथे ओपन आणि क्लोज यांच्यात काही तास जायचे. माणूस शेतात जाऊन यायचा. आता मधली वेळच उरली नाही. जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. दारू प्यायली तर निदान वास तरी येतो. हे व्यसन खिशात असतं आणि घरच्यांना वाटतं पोरगं रील बघतंय.

कसं ओळखायचं?

दोन प्रश्न पुरेसे आहेत, प्राथमिक चाळणी म्हणून जगभर वापरतात. अधिकाधिक पैसे लावावेसे वाटले का? किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का? एकालाही "हो" असेल तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली.

डॉक्टरांची यादी नऊ लक्षणांची आहे आणि वर्षभरात चार दिसली तर निदान होतं. हरलेले पैसे काढायला पुन्हा खेळणं, थांबायचा प्रयत्न फसणं, बंद केलं की चिडचिड, उदास असताना खेळणं ही त्यातली काही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये ऑनलाइन जुगाराचा वेगळा उल्लेखही आहे. नऊपैकी शेवटचं लक्षण वाचून मी गप्प झालो: जुगारामुळे आलेली आर्थिक अडचण सोडवायला दुसऱ्यांकडून पैसे घेणं. त्यातला दुसरा मी होतो. मला वाटत होतं मी मदत करतोय.

मग करायचं काय?

पैसे त्याच्या हातात देऊ नका. किराणा भरा, दवाखान्याचं बिल भरा, पण "एवढं कर्ज फेडून टाकू, मग सुटेल" हे करू नका; कर्ज फिटलं की डोकं पुन्हा मोकळं होतं. कोणाचं किती देणं आहे, लोन ॲपसकट, हे एका कागदावर लिहून घ्या. बँकेच्या ॲपमध्ये यूपीआयची मर्यादा कमी करा. बेटब्लॉकर हे मोफत ॲप जुगाराच्या साइट अडवतं. गुगलच्या 'माय ॲड सेंटर'मध्ये जुगाराच्या जाहिराती कमी करायची सोय आहे. यातलं काहीही तोडता येतं. पण तोडायला लागणारी पाच मिनिटं महत्त्वाची, कारण तल्लफ बऱ्याचदा तेवढ्यात ओसरते.

खरी मदत माणसांकडून मिळते. टेली-मानसचा क्रमांक १४४१६: मोफत, चोवीस तास, मराठीतही. वर्ध्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या व्यसनासाठी 'शट' क्लिनिक चालतं, पण सुरुवात घराजवळच करा. उपचार मुख्यतः बोलण्याचा असतो: तल्लफ कधी येते, आधी काय घडतं, तेव्हा काय करायचं. सोबत नैराश्य असेल तर औषध देतात. एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. कर्जात बुडालेला माणूस मरणाची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

भावाला भीती होती पोलिसांची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, पण त्यात शिक्षा चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. मोठ्या भारतीय ॲपनी पैशांचे खेळ बंद केले. परदेशी साइट नव्या पत्त्यांवर येतच राहतात आणि पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर मागवतात. "खातं भाड्याने दे" असं कोणी म्हटलं तर अजिबात देऊ नका, त्यात खरंच गुन्हा लागतो. "हरलेले पैसे परत काढून देतो" म्हणणारेही बहुतेक ठगच. फसवणूक झाली असेल तर १९३० वर तक्रार करा.

सेवाग्रामला जायला त्याने दोन आठवडे घेतले. ओळखीचं कोणी भेटलं तर हाडांच्या डॉक्टरकडे आलो म्हणून सांगू, असं आमचं ठरलं होतं. एटीएम कार्ड काकांकडे असतं, खर्चाला आठवड्याचे रोख पैसे. मागच्या आयपीएलमध्ये तो एकदा घसरला, मित्राच्या फोनवरून, अठराशे रुपये. दोन दिवसांनी त्याने स्वतःच फोन करून सांगितलं. मी विचारलं, पैसे पाहिजे का? म्हणाला, "नाही, बस सांगायचं होतं." मग १४४१६ ला फोनही त्यानेच लावला.