डिकिन्सोनिया आणि आग्या मोहोळ

हाडे नाहीत, दात नाहीत, शिंपलाही नाही. अशा जीवाचा जीवाश्म होतो कसा? सुमारे ५६ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळावर सूक्ष्मजीवांचा चिवट थर पसरलेला असे. त्यावरचे मऊ जीव वाळूखाली गाडले गेले. देह कुजला, पण वाळूच्या थराच्या बुडाशी ठसा राहिला.

दक्षिण ऑस्ट्रेलियातील एडियाकारा टेकड्यांमध्ये रेग स्प्रिग यांना १९४६ मध्ये असे ठसे मिळाले. त्यातला डिकिन्सोनिया म्हणजे रेघारेघांची लंबगोल चकती. तोंड नाही, पोट नाही. कुणी त्याला कृमी म्हटले, कुणी जेलीफिश, कुणी दगडफूल, कुणी महाकाय एकपेशी जीव. अखेर रशियातील श्वेत समुद्राकाठच्या नमुन्यांत कोलेस्टेरॉलचे रासायनिक अवशेष सापडले आणि २०१८ मध्ये प्राणी असण्याच्या बाजूने भक्कम पुरावा मिळाला.

केवळ आकारावर विसंबल्यास काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मध्य प्रदेशातील भीमबेटकाच्या गुहेत छतालगत डिकिन्सोनिया दिसल्याचा शोधनिबंध २०२१ मध्ये आला. तो खरा ठरता तर तिथल्या विंध्य खडकांच्या वयाचा जुना वाद मिटला असता! पण पुढे फ्लोरिडा विद्यापीठाचे जोसेफ मीर्ट आणि सहकाऱ्यांनी जागेवर जाऊन पाहिले, तर तो ‘जीवाश्म’ खडकापासून सुटू लागला होता. ते आग्या मोहोळाचे जुने अवशेष निघाले. मूळ निबंधाचे प्रमुख लेखक ग्रेगरी रिटॅलॅक यांनी चूक मोकळेपणाने मान्य केली, हे विज्ञानात वाटते तितके नेहमीचे नाही.