चारशे यार्डांची कोंडी

ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्ड. त्यांना जोडणाऱ्या नेटवर्कवरून सेकंदाला ३२ हजार बिट जायचे, ते अचानक ४० वर आले. चाळीस बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं! कागदांचा गठ्ठा काखेत मारून निघालेला शिपाईसुद्धा आधी पोचला असता.

तार तुटली नव्हती, यंत्रंही धडधाकट होती. इंटरनेटवर माहिती छोट्या पॅकेटांतून जाते आणि पॅकेट मिळालं की समोरून पोचपावती येते. ती वेळेत आली नाही, तर टीसीपी हा प्रोटोकॉल तेच पॅकेट पुन्हा धाडतो. पण पॅकेट हरवलेलं नसून मधल्या रांगेत अडकलेलं असेल तर? आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. रांगेत त्याचीच दुसरी, तिसरी प्रत येऊन उभी राहते, आणि नव्या मजकुराला जागाच उरत नाही.

व्हॅन जेकबसन यांनी माइक कॅरल्स यांच्यासह याचा छडा लावला आणि १९८८ साली उपाय मांडला. तारेला त्यांनी हात लावला नाही. पाठवणाऱ्याची सवय बदलली. आतलं एक पॅकेट बाहेर पडल्याशिवाय नवं सोडायचं नाही. सुरुवात एकाने, पावती आली की दोन, मग चार, आठ. याचं नाव ‘स्लो स्टार्ट’. दर फेरीला दुप्पट होणाऱ्या गोष्टीला ‘स्लो’ कसं म्हणायचं, कोण जाणे. पॅकेट हरवलं, की मर्यादा निम्म्यावर आणायची आणि तिच्यापुढे जपून, एकेक वाढवत जायचं.

पुढे मेमरी स्वस्त झाली आणि राउटरमधल्या रांगा लांबल्या. आता पॅकेट हरवत नाही, ताटकळतं; त्यामुळे पाठवणाऱ्याला कोंडीचा पत्ताच लागत नाही. जिम गेटिस यांनी या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हटलं. म्हणून २०१६ साली गूगलने आणलेली ‘बीबीआर’ पद्धत पॅकेट हरवायची वाट पाहत नाही. वाटेची क्षमता आणि जाण्यायेण्याचा वेळ ती सतत मोजत राहते. तिच्या कर्त्यांतही जेकबसन आहेतच.

घरी कुणी मोठा व्हिडिओ अपलोड करायला घेतला आणि तुमच्या मीटिंगमधला आवाज तुटू लागला, तर आधी नेट मोकळं असताना ‘पिंग’, म्हणजे पॅकेटला जाऊन यायला लागणारा वेळ, मोजा, मग अपलोड चालू असताना मोजा. वीस मिलिसेकंदांचा आकडा चारशेवर गेला, तर रांग बहुधा तुमच्याच राउटरमध्ये आहे. महागडा प्लॅन घेण्याआधी राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय सापडते का, तेवढं पाहा.