गुडगुडी दोन्ही घरची

रघू दीक्षित यांचा जन्म नाशिकचा, वाढले म्हैसुरात. त्यांचा पहिला अल्बम २००८ साली आला. आठ गाणी, हिंदी, इंग्रजी आणि कन्नड. प्रथमच ऐकणार असाल तर आज्जीलाही बसवा. गिटारवर ती नाक मुरडेल, मुरडू दे! पुढे शिशुनाळ शरीफांची दोन पदं आहेत. १८८९ साली निवर्तलेल्या या संतकवीची पदं आपल्या भागात भजनातही म्हणतात. ‘गुडगुडी’ मुलांनाही कळेल, मराठीतही ती हुक्काच. ‘सोरुतिहुदु मनिय माळिगी’ला मात्र मुलं अडतील. माळिगी म्हणजे माळवद, तेच गळतंय. ‘मनिय’ ऐकून मराठी कानाला मन आठवतं. कन्नडमध्ये ते घर. शरीफांचा रोख मात्र मनाकडेच! आज्जी हे सांगू लागली की आवाज तेवढा कमी करा.