वैद्याच्या दारी ताजी गुळवेल

तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारा वैद्य आपली काष्ठौषधी बहुधा मोठ्या शहरातील व्यापाऱ्याकडून मागवितो. गोणीतून येणारी गुळवेल कोणत्या रानातील, केव्हा तोडलेली व किती दिवस गोदामात पडून राहिलेली, हे त्यास ठाऊक नसते. पुष्कळदा ते व्यापाऱ्यासही ठाऊक नसते. इकडे त्याच दवाखान्यापासून दोन कोसांवर एखाद्या बांधावरील कडुनिंबावर गुळवेल माजलेली असते आणि शेतकरी ती अडगळ म्हणून तोडून टाकतो. ह्या दोघांची गाठ घालून देणे हे काम वरवर किरकोळ वाटेल. परंतु वैद्याच्या धंद्याची पत व शेतकऱ्याची चार पैशांची प्राप्ती ही दोन्ही त्यात गुंतलेली आहेत.

औषधी वनस्पतींची विक्री म्हटली की आपणांस वाळविलेला माल व मोठी बाजारपेठ हीच आठवतात. आयुर्वेदाचा दंडक मात्र काही वनस्पतींच्या बाबतीत निराळा आहे. गुळवेल, अडुळसा, कुडा, शतावरी, अश्वगंधा, कोहळा इत्यादी द्रव्ये नेहमी ओलीच वापरावीत, असे शार्ङ्गधर संहितेत सांगितले आहे. व्यवहारात वैद्याला तसे करता येत नाही, कारण ओला माल दूरच्या बाजारातून येईपर्यंत सुकतो किंवा कुजतो. म्हणजे मोठ्या व्यापाऱ्याला जे कधीच पुरविता येणार नाही, ते जवळच्या शेतकऱ्याला सकाळी तोडून दुपारी पोचविता येते. लहान शेतकऱ्याचे खरे बळ येथे आहे. ओली चार-पाच किलो वेल वाळून जेमतेम किलोभर भरते, तेव्हा ओलीच विकली गेल्यास वाळविण्याची मेहनतही वाचते.

पण ताजेपणाहून महत्त्वाची गोष्ट ओळखीची आहे. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू झाले. त्यानंतर 2021 साली मुंबईतील काही रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गुळवेलीसारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल चुकून घेतली गेली असण्याचा संभव आहे, असे त्यावर आयुष मंत्रालयाने कळविले. वाद तेवढ्याने मिटला नाही. अस्सल गुळवेलही काही रुग्णांस बाधते, असे अनेक यकृततज्ज्ञांचे म्हणणे आहे. म्हणून गुळवेल कोणी, किती व किती दिवस घ्यावी हे शेतकऱ्याने सांगू नये. ते वैद्याकडेच सोपवावे. आपण तोडून दिलेली वेल गुळवेलच आहे, एवढी जबाबदारी मात्र शेतकऱ्याची आहे आणि ती थोडी नाही.

मंत्रालयाने सांगितलेल्या खुणा कार्यकर्त्यांनी पाठ कराव्यात. गुळवेलीचे खोड हिरवट असते, त्यावर उठून दिसणाऱ्या गाठी नसतात व कापल्यावर दुधासारखा चीक येत नाही. तिचे फळ गोल व लाल असते. दुसऱ्या वेलीचे खोड करडे व गाठाळ असून तीतून दुधी चीक येतो; फळ लांबट व नारिंगी असते. जून सालीवरून फसगत होऊ शकते, म्हणून चीक पाहिल्यावाचून व शक्य तर फळ पाहिल्यावाचून निर्णय करू नये. पहिल्या खेपेस पानाफळांसह वेलीचा तुकडा वैद्यास दाखवावा आणि त्याने मान्य केलेल्या वेलीवर खूण बांधून ठेवावी. पुढची तोड त्याच वेलीची करावी. शंका राहिल्यास पुणे येथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाशी संलग्न असे राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तेथे विचारणा करावी.

आता व्यवहाराचे. एका वैद्याची आठवड्याची गरज थोडी असते, आणि एका शेतकऱ्याने तेवढ्यासाठी फेरी मारणे परवडत नाही. पाच-सात शेतकऱ्यांनी मिळून तालुक्यातील तीन-चार वैद्यांशी बोलणी करावी व बाजाराच्या दिवशी एकाने सर्वांचा माल न्यावा. प्रत्येक जुडीस चिठ्ठी असावी: वनस्पतीचे नाव, गाव, शेतकऱ्याचे नाव, तोडल्याची तारीख. ही चिठ्ठी म्हणजे वैद्याच्या दृष्टीने निम्मा माल होय. भाव हंगामाच्या आरंभीच ठरवावा व वहीत लिहावा. उधारी महिन्यापलीकडे नेऊ नये. ओळखीच्या माणसाशी हिशेब मागण्याचा संकोच आपल्याकडे फार, आणि असे पुष्कळ उपक्रम त्या संकोचापायीच बंद पडतात.

वैद्याच्या बाजूनेही कायदा समजून घेतला पाहिजे. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये आयुर्वेदीय औषध विक्रीसाठी बनविण्यास परवाना लागतो; वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी बनविलेल्या औषधास तो लागत नाही. तेच औषध दुकानात ठेवावयाचे झाल्यास परवाना हवा. शेतकरी गटाने चूर्ण करून त्यावर रोगाचे नाव छापण्याच्या फंदात पडू नये. मधुमेह, कर्करोग यांसारखे रोग बरे करण्याच्या जाहिरातीस 1954 च्या कायद्याने बंदी आहे. ती वैद्यासही लागू आहे. त्याला प्रसिद्धी करावयाचीच असेल, तर आपली वनौषधी कोणत्या गावातून ताजी येते एवढे दवाखान्याच्या फलकावर लिहावे. त्यात खोटे काही नाही आणि रुग्णाचा विश्वास तेवढ्याने वाढतो.

रानातून माल आणावयाचा असेल तर प्रथम ग्रामसभेशी बोलावे. वनहक्क कायदा 2006 अन्वये गौण वनोपजावर पात्र वनवासी कुटुंबांचा व ग्रामसभांचा हक्क आहे. बाहेरच्या माणसाने परस्पर तोड करणे योग्य नव्हे. ह्या हक्काचा उपयोग कसा होतो हे ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या कातकरी तरुणांनी दाखविले आहे. त्यांनी गुळवेल गोळा करून मोठ्या औषध कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या मागण्या मिळविल्या. मात्र त्या मार्गास साठवण, वाहतूक व भांडवल लागते. तालुक्यातील वैद्यापासून आरंभ करणाऱ्यास विळा आणि वही पुरते.

आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. 2000 नंतरच्या काही वर्षांत सफेद मुसळीचे बियाणे महागड्या भावाने विकून माल परत घेण्याची हमी देणारे अनेक जण गावोगाव फिरले, आणि माल तयार झाल्यावर दिसेनासे झाले. जो आधी रोपे विकतो व नंतर खरेदीचे बोलतो, त्याच्यापासून दूर राहावे. आधी घेणारा ठरवावा, मग लावावे.

लावण्यासाठी जमीन अडवावी लागत नाही. अडुळसा जनावरे खात नाहीत, म्हणून तो कुंपणास चांगला. शतावरी काटेरी असल्याने तीही कुंपणालगत चालते. तिच्या मुळ्या मिळावयास दीड-दोन वर्षे थांबावे लागते. गुळवेलीचे मात्र बोटाएवढ्या जाडीचे, दोन-तीन डोळ्यांचे तुकडे पहिला पाऊस पडताच कडुनिंबाच्या बुडाशी खोचावेत. निंबावर चढलेल्या वेलीस वैद्यांची पसंती अधिक असते. तोड करताना बुडाकडील हातभर खोड राखावे, म्हणजे पुढील पावसाळ्यात वेल पुन्हा फुटते.