पोपच्या गावची लाल वाईन

फ्रान्सच्या दक्षिणेस, ऱ्होन नदीजवळ शातोनफ-द्यु-पाप हे लहानसे गाव वसले आहे. चौदाव्या शतकात पोपचे पीठ रोमऐवजी नजीकच्या आव्हिन्यों नगरीत होते. त्या काळी पोपसाठी येथे किल्ला बांधला गेला. येथील लाल वाईन बहुधा एका द्राक्षाची नसते. ग्रेनाश प्रमुख, सिरा व मूरवेद्र यांची तिला जोड.

विसाव्या शतकाच्या आरंभी या नावाखाली भलतीच वाईन खपू लागली. सचोटीने पिकविणाऱ्यांच्या मालास भाव कसा मिळावा? १९२३ मध्ये बागायतदारांनी बॅरन ल रुआ यांना साकडे घातले. ते कायदेतज्ज्ञ आणि स्वतः द्राक्ष-बागायतदारही. प्रथम तुम्ही शिस्त पाळा, ही त्यांची अट. लव्हेंडर व थाइमची झुडपे उगवतात तीच रूक्ष जमीन ग्राह्य. मद्यार्क किमान १२.५ टक्के, सदोष द्राक्षे वेचून काढणे बंधनकारक. नाव जपण्यासाठी स्वतःचेच हात बांधून घेण्याचा हा मार्ग कठोर खरा, पण १९३६ मध्ये त्या नावास शासकीय संरक्षण लाभले.

सुवासिक पाल्यात भाजलेले कोकराचे मांस किंवा मंदाग्नीवर शिजविलेला मांसाचा रस्सा हे तिचे खरे सोबती. झणझणीत तिखटापुढे मात्र तिच्यातील मद्यार्क अधिकच जाळतो.